आपण आणि आम्ही : जिल्हा परिषद शाळेतील पाटीपूजनाचे एक प्रकरण

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातील, कापूस आणि सोयाबीन यांवर चालणाऱ्या एका गावातील जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत दसऱ्याच्या आदल्या दिवशी घडलेली एक घटना आणि तिच्यानंतरचे काही महिने, एवढाच या लेखनाचा विषय आहे. मी त्या वेळी त्या केंद्राचा केंद्रप्रमुख होतो. निर्णय घेण्याचा अधिकार माझा नव्हता, तरी जबाबदारीतून सुटण्याची सोयही नव्हती. गाव, शाळा आणि माणसे यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. ज्यांच्याकडून चूक झाली ती माणसे वाईट नव्हती, आणि ज्या मुलीला त्रास झाला ती आज त्याच परिसरात शिकते आहे.

शाळा पहिली ते पाचवीची, शिक्षक तीन. तिसरी आणि चौथीचे वर्ग एकाच खोलीत बसत आणि त्यांची पटसंख्या चोवीस होती. मुले प्रामुख्याने कुणबी आणि तेली घरांतील, त्याखालोखाल बौद्ध, पाच मुले गोंड, एक मुलगी मुसलमान. याशिवाय दोन मुले महानुभाव पंथाच्या घरांतील होती, परंतु हे शाळेतील कोणालाही नीटसे ठाऊक नव्हते, कारण दाखलखारीज नोंदवहीत त्या दोघांपुढे इतर बहुसंख्य मुलांप्रमाणेच ‘हिंदू’ असे लिहिलेले होते. नोंदवहीने जे झाकले तेच पुढे प्रकरणाच्या मुळाशी निघाले.

दरवर्षीप्रमाणे त्या दिवशी वर्गात खुर्चीवर सरस्वतीची तसबीर ठेवून तिला झेंडूचा हार घातला होता. मुलांनी पाट्यांवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची, हळदकुंकू वाहायचे, हात जोडायचे आणि खोबरे-साखरेचा प्रसाद घेऊन जागेवर बसायचे, असा क्रम होता. चौथीतील एका मुलीने पाटी कोरीच ठेवली आणि हात जोडले नाहीत. प्रसाद पुढे आला तेव्हा ती हळूच म्हणाली, “आमच्यात नाही चालत, मॅडम.” वर्गशिक्षिकेला हा लाजाळूपणा वाटला. “अगं, देवीच्या प्रसादाला नाही म्हणू नये. आपण सगळे दरवर्षी करतोच ना पूजा?” असे म्हणून त्यांनी प्रसाद तिच्या हातावर ठेवला. मुलीने मूठ मिटली, सुट्टी होईपर्यंत ती तशीच ठेवली आणि नंतर हापशीच्या ओट्यावर प्रसाद ठेवून दिला. एका मुलाने ते पाहिले. ‘हिनं प्रसाद फेकला’ ही बातमी दोन मिनिटांत मैदानभर झाली. घरी जाईपर्यंत तिच्या मागे चारपाच मुले होती.

त्याच रांगेत दुसरीही एक गोष्ट घडली होती, पण तिच्याकडे त्या दिवशी कोणाचे लक्ष गेले नाही. तिसरीतील एका बौद्ध मुलाने सरळ विचारले होते, “मॅडम, आमी तं दसऱ्याले नागपूरले जातो. आमचा दसरा चुकते का?” शिक्षिका हसून म्हणाल्या, “तुमचा दसरा वेगळा.” १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तो दिवस विजयादशमीचा होता आणि म्हणूनच विदर्भातील खेड्यापाड्यांतून दसऱ्याला माणसे दीक्षाभूमीकडे निघतात, हे त्या बाईंना पूर्ण माहीत होते. माहितीची उणीव त्यांच्याकडे नव्हती. मुलाच्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी शाळेत एखादी जागा असते, ही सवय मात्र नव्हती.

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा तीन बाजूंनी माणसे आली. पहिले त्या मुलीचे आजोबा. त्यांनी दारातूनच ‘दंडवत प्रणाम’ केला, खुर्ची नाकारली आणि उभ्यानेच बोलले. “साहेब, मॅडम वाईट हाये असं मी म्हणत नाही. पण पोरगी तीन दिसांपासून इचारून रायली, आबाजी, आपण चुकीचे हावो का? तिले मी काय सांगू?” तेराव्या शतकातील चक्रधरस्वामींपासून चालत आलेल्या या पंथात पंचकृष्णांखेरीज, म्हणजे पंथ मानतो त्या पाच अवतारांखेरीज, इतर देवतांची उपासना करीत नाहीत आणि त्यांचा प्रसादही निष्ठावंत घरांत घेतला जात नाही. पंथाचे मोठे तीर्थ असलेले रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातच आहे, मराठीतील आद्य गद्य या पंथाने घडवले आणि राज्य सरकारने मराठी भाषा विद्यापीठासाठीही रिद्धपूरचीच निवड केली. एवढे असून विदर्भातीलच शाळेत या पंथाची मुलगी ‘हट्टी’ ठरावी, हे मला आजही खटकते.

दुसरे आले ते त्या बौद्ध मुलाचे वडील. त्यांनी लेखी अर्ज आणला होता. त्यात संविधानाच्या अनुच्छेद २८ चा उल्लेख होता, शाळेत पूजा होऊ नये अशी मागणी होती आणि प्रतिमाच ठेवायची तर सावित्रीबाई फुले यांची ठेवावी अशी सूचना होती. तिसरा गट होता गावातील काही तरुणांचा आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या एका सदस्याचा. त्यांचे म्हणणे असे की पूजा आमच्या वडिलांच्या वेळेपासून चालत आली आहे, प्रसाद हापशीवर टाकणे हा देवीचा अपमान आहे आणि दोन घरांसाठी गावाने आपली रीत का सोडावी.

मुख्याध्यापकांनी जे केले ते त्यांच्या जागी बहुतेक मुख्याध्यापकांनी केले असते. त्यांनी सगळेच बंद केले. तसबीर कपाटात गेली, परिपाठातील प्रार्थना थांबली, परिसर अभ्यासातील सणांविषयीचा भाग ‘घरी वाचून या’ या वाक्यावर संपला आणि ‘माझा आवडता सण’ हा निबंध ‘माझा आवडता पक्षी’ झाला. या काळजीची कमाल कोजागरीच्या आसपास दिसली. आमच्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. मधल्या सुट्टीत चिंचेखाली फेर धरलेल्या मुलींना एका शिक्षकाने ‘शाळेत देवाधर्माचे काही नको’ असे सांगून उठवले. सासरच्या आणि माहेरच्या गाण्यांत देवधर्म किती आणि लेकीबाळींची सुखदुःखे किती, याचा विचार करायला त्या वेळी कोणाला उसंत नव्हती. फेरात बौद्ध मुलीही होत्या आणि ती मुसलमान मुलगीही होती.

पूजेत एका मुलीला गप्प केले गेले, बंदीत चोवीसही मुले गप्प झाली. आणि शाळा गप्प झाल्यावर धर्माविषयी बोलण्याची मक्तेदारी मैदानावरच्या चिडवण्याकडे गेली. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी वर्गात बसलो तेव्हा महानुभाव घरातील दुसरा मुलगा, ज्याचा या घटनेशी काहीच संबंध नव्हता, तो पोषण आहाराच्या पंगतीत कडेला बसू लागला होता.

कायद्याविषयी गावात बरीच चर्चा झाली होती आणि तिच्यात एक गैरसमज ठाम रुजला होता. तो असा, की पालकांच्या सह्या घेतल्या की पूजेला आणि धर्मशिक्षणाला हरकत राहत नाही. अनुच्छेद २८ चे खंड वेगवेगळे वाचले म्हणजे हे तसे नाही हे कळते. पहिल्या खंडानुसार, पूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या शैक्षणिक संस्थेत कोणतेही धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि जिल्हा परिषदेची शाळा या वर्णनात बसते. एखाद्या न्यासाच्या अटीनुसार स्थापन झालेल्या आणि राज्य केवळ प्रशासन पाहत असलेल्या संस्थांपुरता दुसरा खंड अपवाद करतो. संमतीचा विषय येतो तो तिसऱ्या खंडात: राज्याची मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत धार्मिक शिक्षण किंवा उपासना होत असेल, तर विद्यार्थ्याच्या संमतीखेरीज, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकाच्या संमतीखेरीज, त्याला तिच्यात सहभागी होण्यास भाग पाडता येत नाही. म्हणजे संमती हे मुलाच्या हातातील कवच आहे. शाळेला मिळालेला तो परवाना नव्हे. ज्या शाळेत धार्मिक शिक्षण मुळातच देता येत नाही, तेथे चोवीसपैकी चोवीस पालकांनी सह्या केल्या तरी ते देता येत नाही, आणि व्यवस्थापन समितीचे बहुमतही त्यात बदल करू शकत नाही.

वर्षातून एकदाची पाटीपूजा म्हणजे ‘धार्मिक शिक्षण’ का, असा प्रश्न तिसऱ्या गटाने विचारला आणि तो गैरलागू नव्हता, कारण पहिल्या खंडात शिक्षणाचा उल्लेख आहे, उपासनेचा तिसऱ्या खंडात आहे. माझे मत असे झाले की तसबिरीला हार घातला तेव्हा काय झाले यावर वाद घालता येईल, परंतु शिक्षिकेच्या तोंडून ‘देवीच्या प्रसादाला नाही म्हणू नये’ हे वाक्य निघाले त्या क्षणी ते शिक्षण झाले आणि मूठ मिटायला लागली त्या क्षणी ती सक्ती झाली. हात जोडण्याच्या प्रश्नाला तर आपल्याच राज्यातले उदाहरण आहे. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतील शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला, त्याची वेतनवाढ अडली आणि २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. वयाने आणि पदाने मोठ्या असलेल्या माणसाला यासाठी न्यायालयापर्यंत जावे लागले, तर नऊ वर्षांच्या मुलीच्या ‘आमच्यात नाही चालत’ या वाक्याचे मोल किती असेल याची कल्पना करता येईल.

दुसऱ्या बाजूने, मुख्याध्यापकांची सरसकट बंदीही कायद्याने मागितलेली नव्हती. कोठारी आयोगाने (१९६४–६६) धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत स्पष्ट फरक केला होता. पहिल्यात एका धर्माची श्रद्धा आणि आचार शिकवले जातात, दुसऱ्यात निरनिराळ्या धर्मांची माणसे काय मानतात हे समजून घेतले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याविषयीच्या याचिकेवर निकाल देताना धर्मांविषयीचे शिक्षण अनुच्छेद २८ च्या विरोधात जात नाही असे म्हटले. त्याआधी १९७१ मध्ये, पंजाबातील एका महाविद्यालयाच्या प्रकरणात, गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणीचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे असेही याच न्यायालयाने सांगितले होते. शिवाय शिक्षण हक्क अधिनियम, २००९ चे कलम २९ मुलाला भीतीपासून मुक्त ठेवण्याची आणि त्याला आपले मत मोकळेपणाने मांडण्यास साहाय्य करण्याची अपेक्षा अभ्यासक्रमाकडून करते. भुलाबाईच्या फेरातून मुलींना उठवणे या अपेक्षेत कोठेच बसत नव्हते.

व्यवस्थापन समितीची सभा तीन तास चालली. समितीत कायद्याप्रमाणे तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, पण बोलण्यात ते प्रमाण नेहमी दिसत नाही. या सभेत मात्र बायकाच अधिक बोलल्या. सावित्रीबाईंच्या प्रतिमेची सूचना आली तेव्हा माझे मन तिच्याकडे झुकत होते, हे कबूल केले पाहिजे. एका आईने ते थांबवले. ती म्हणाली, “फोटो बदलला, उदबत्ती तेच रायली. मंग सावित्रीमायच्या पुढेही हात न जोडणारं पोट्टं चुकीचंच ठरन ना?” या प्रश्नानंतर प्रतिमेचा विषय संपला. शेवटी ठरले ते असे, की शाळा म्हणून पूजा होणार नाही. ज्यांना पाटीपूजन करायचे त्यांनी ते मारुतीच्या पारावर, शाळेच्या वेळेआधी करावे. आणि शाळेत सणांविषयी, श्रद्धांविषयी बोलणे बंद राहणार नाही. तिसऱ्या गटातील एकाने उठता उठता विचारले, “मंग डिजिटल वर्गाच्या उद्घाटनाले साहेब लोकायनं नारळ फोडला, ते काय होतं?” मी त्या नारळ फोडणाऱ्यांच्या रांगेत उभा होतो. मी उत्तर दिले नाही.

ठराव झाला, तरी ‘बोलणे बंद राहणार नाही’ म्हणजे सोमवारी सकाळी वर्गात नेमके काय करायचे, हे कोणत्याही ठरावात लिहिलेले नसते. वर्गशिक्षिका घाबरलेल्या होत्या. त्यांच्यासोबत बसून त्या दिवशीची प्रत्येक गोष्ट पुन्हा आठवताना आम्हांला जाणवले की सगळे प्रकरण एका सर्वनामावर उभे आहे. मराठीत बोलणारा ऐकणाऱ्याला आत घेतो तेव्हा ‘आपण’ म्हणतो आणि बाहेर ठेवतो तेव्हा ‘आम्ही’ म्हणतो. हिंदीत दोन्हीकडे ‘हम’ चालून जाते, मराठीत चालत नाही. ‘आपण सगळे दरवर्षी करतोच ना पूजा’ या वाक्यातील ‘आपण’ने त्या मुलीला तिला न विचारता आत ओढले. तिने ‘आमच्यात’ म्हणून स्वतःला नम्रपणे बाहेर ठेवले होते, आणि शिक्षिकेने ते व्याकरण ऐकलेच नाही. बौद्ध मुलाचे ‘आमी तं नागपूरले जातो’ हेही तसेच वाक्य होते. घरी गेल्यावर तीच मुलगी आजोबांना ‘आपण चुकीचे का’ असे विचारत होती. तिचे ‘आपण’ शाळेत मोडले होते आणि आता ती घरचेही तपासून पाहत होती.

त्यावरून एक साधी शिस्त ठरली. सण, देव, उपास, जन्म, मरण यांविषयी बोलताना शिक्षिकेने ‘आपण’ वापरायचे नाही. ‘काही घरांत’, ‘या पंथाची माणसे’, ‘गावातील बरेच लोक’ असे म्हणायचे. ‘आम्ही’ हा शब्द मुलांचा. ज्याला सांगायचे त्याने ‘आमच्या घरी’ अशी सुरुवात करायची, ज्याला सांगायचे नाही त्याने ‘पुढे’ म्हणायचे आणि त्याचे कारण कोणी विचारायचे नाही. ‘आपण’ राखून ठेवायचे ते खरोखर सर्वांच्या असलेल्या गोष्टींसाठी: शाळा, हापशी, पंगत, संविधानाची प्रास्ताविका. दुसऱ्याच्या घराविषयी बोलायचे तर पाहिले तेवढेच सांगायचे आणि ऐकीव असेल ते त्यालाच विचारायचे, हा नियम मागाहून मुलांच्या भांडणातून आला.

सुरुवात आम्ही देवांपासून केली नाही, नमस्कारापासून केली. वाटेत कोण भेटल्यावर काय म्हणतात, असे विचारताच मुलांनी फळा भरला: राम राम, जय भीम, जय सेवा, दंडवत प्रणाम, सलाम, आणि तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या घरांतील जय गुरू. कोणाला काय म्हणायचे हे त्यांना तंतोतंत ठाऊक होते. पहिलीतले मूलसुद्धा गोंड मोहल्ल्यातील म्हाताऱ्याला ‘जय सेवा’ म्हणते आणि चूक करत नाही. शाळेने जे ज्ञान सहा आठवडे दडवून ठेवले होते ते मुले रोज रस्त्यावर वापरत होती.

पुढे आठवड्यातून एक तासिका अशी चालली. एकदा गोंड मुलाने ‘आमी सात देवे’ असे सांगितले आणि वर्गात खळबळ उडाली, कारण दुसरा गोंड मुलगा सहा देवे निघाला. मुलांना वाटले एकाच्या घरचा एक देव हरवला. शिक्षिकेच्या ओठांवर ‘देव सगळे सारखेच’ हे वाक्य आले होते, ते त्यांनी आवरले आणि पुढच्या वेळी मुलाच्या आत्याला बोलावले. आत्याने सांगितले की चार, पाच, सहा, सात देवे हे कुळांचे गट आहेत. एकाच गटातली माणसे भाऊभाऊ असतात म्हणून त्यांच्यात सोयरीक होत नाही. पेरसापेन या गोंडांच्या मोठ्या देवाचे नाव, माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातील कचारगडला भरणारी यात्रा, तिथली गुहा, हे सगळे तिने पंधरा मिनिटांत सांगितले. शिक्षिकेचे ते वाक्य बाहेर पडले असते तर यांपैकी काहीच वर्गात आले नसते. सर्व धर्म सारखेच, असे घाईने सांगण्यात सद्‌भाव असतो, पण त्यात मुलाने आणलेली वस्तू न पाहताच परत केली जाते.

२० डिसेंबरला परिपाठात गाडगेबाबांची पुण्यतिथी आली. आतापर्यंत अशा दिवशी तसबीर, हार आणि ‘थोर संत होते’ एवढे होत असे. या वेळी मुलांना १८७६ मध्ये शेंडगावला जन्मलेल्या डेबूजीचे आयुष्य माहिती म्हणून सांगितले: हातात झाडू, डोक्यावर मडके, गावात आल्यावर आधी रस्ते झाडणे आणि मग कीर्तन, तीर्थाच्या ठिकाणी धर्मशाळा, पशुहत्येला विरोध. नंतर मुलांना प्रश्न काढायला सांगितले. ‘मंदिरात जायचे नव्हते तर मंदिराजवळ धर्मशाळा कायले बांधली?’ हा तिसरीतील मुलाचा प्रश्न मला कोणत्याही भाषणापेक्षा मोलाचा वाटला. त्याच्यावर वर्ग अर्धा तास बोलला आणि कोणतेही एक उत्तर ठरले नाही.

सगळे सुरळीत झाले असे नाही. उत्साहाच्या भरात शिक्षिकेने भिंतीवर एक तक्ता लावला. वर धर्मांची नावे, खाली सण, आणि प्रत्येक रकान्यात मुलांची नावे. दोन दिवसांत तो तक्ता मुलांच्या हातातले यादीपत्रक झाला आणि ‘तू तिकडच्या रकान्यातला’ असे शब्द कानावर आले. मी गेलो त्याच दिवशी तो उतरवला. रकाना मुलाला एका जागी खिळवतो. ‘आमच्या घरी’ म्हणताना ते मूल स्वतः हलते, तपशील निवडते, उद्या दुसरे काही सांगते. एकदा एक मुलगा बौद्ध घरांविषयी म्हणाला, ‘त्यांच्यात देवच नाही.’ शिक्षिकेने रागावण्याऐवजी विचारले, “तू त्यांच्या घरी काय पाहिलंस ते सांग.” त्याने भिंतीवरची बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्ती, पांढऱ्या कपड्यांतली माणसे असे सांगितले आणि मग त्या घरच्या मुलानेच पुढचे सांगितले.

एक तासिका आमच्या कोणत्याही आराखड्यात नव्हती. आपापल्या घरच्या दिवाळीविषयी बोलणे चालू असताना चौथीतील एक मुलगा म्हणाला, “आमच्या घरी यंदा सण नाही.” त्याचे वडील त्या वर्षीच पावसाळ्यात गेले होते. कसे गेले हे गावाला माहीत होते आणि आमच्या भागातील वाचकांनाही सांगावे लागणार नाही. वर्गात शांतता पसरली. शिक्षिकेने विषय बदलला नाही, सांत्वनाचे शब्दही काढले नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, “काही घरांत वर्षभर सण करत नाहीत.” मग एकीने आजीच्या वेळचे सांगितले, कोणी तेरवीचे, बौद्ध मुलीने पुण्यानुमोदनाचे, मुसलमान मुलीने चाळिसाव्याचे, गोंड मुलाने पुरतात कसे ते. मुले इतक्या सहजतेने बोलत होती की मीच खाली पाहत होतो. ही तासिका मी कोणाला आखून दिली नसती आणि आजही देणार नाही. पण ज्याच्या घरी सण नाही त्यालाही ‘आमच्या घरी’ या शब्दांनी सुरुवात करता आली, हे त्या नियमाचे मला दिसलेले सर्वांत मोठे काम.

तिसऱ्या शिक्षकांचा आक्षेप येथे नोंदवला पाहिजे, कारण तो मला पूर्ण खोडता आलेला नाही. त्यांचे म्हणणे असे की ‘आम्ही-आम्ही’ करायला शिकवून आपण मुलांना वेगळे बसायला शिकवू. त्यापेक्षा तान्ह्या पोळ्यासारखे, लाकडी बैल घेऊन सगळी पोरे एकत्र येतात असे काही घ्यावे. तान्हा पोळा आम्ही घेतला आणि तो खरोखरच ‘आपण’मध्ये बसला, तरी ज्याच्या घरी लाकडी बैलही नव्हता त्याने त्या दिवशी ‘पुढे’ म्हटले. पंगतीत कडेला बसणारा मुलगा फेब्रुवारीपर्यंत मधे आला. तो या तासिकांमुळे आला की हिवाळ्यात कडेच्या बाजूला ऊन येत नव्हते म्हणून आला, हे मी सांगू शकत नाही. चिडवणे थांबले नाही, पण त्याचे विषय बदलले. आता मुले एकमेकांना क्रिकेटवरून चिडवत होती.

त्या मुलीने मात्र जानेवारीपर्यंत दर वेळी ‘पुढे’ म्हटले. शिक्षिकेने नियम पाळला आणि एकदाही विचारले नाही. संक्रांतीनंतरच्या एका शनिवारी ती स्वतःहून उठली आणि म्हणाली की आमच्या घरी आबाजी रोज पहाटे स्मरण करतात, तेव्हा बोलायचे नसते आणि चहासुद्धा नंतर. एवढेच सांगून ती बसली. प्रसादाचा उल्लेख तिने केला नाही, इतर कोणी केला नाही.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेलो. मारुतीच्या पारावर आठनऊ पालक आणि दहाबारा मुले होती, तसबीर तीच होती, कपाटातून पालकांच्या स्वाधीन केलेली. घंटा झाली तेव्हा काही मुले कुंकू लावलेल्या पाट्या घेऊन वर्गात आली, काही कोऱ्या. शिक्षिकेने सर्वांना पाट्यांवर त्या दिवशीची तारीख लिहायला सांगितली. एका मुलाने विचारले की कुंकू पुसू का. त्या म्हणाल्या, “राहू दे, बाजूला लिही.”